नारळावरची शपथ

आमच्या शाळेत पितळी घंटा नाही. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आहे. शाळा सुरू झाली तेव्हा कुणीतरी तो लोंढ्याहून आणला आणि व्हरांड्याच्या वाशाला तारेने टांगला. खानापूर तालुक्याच्या आमच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात असा पाऊस कोसळतो, की कौलांवरच्या आवाजात मास्तरांचे शिकवणे तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नाही. पण रुळावरचा टोल ओढ्यापलीकडच्या वाडीवरही ऐकू जातो. एकवीस वर्षे हा टोल एकाच हाताने दिला. मुले त्यांना मामा म्हणत, शिक्षकही मामाच म्हणत. हजेरीपत्रकात त्यांचे पूर्ण नाव होते, पण ते पगाराच्या दिवशी सहीपुरते. या लेखातही ते मामाच राहतील.

मामा दारू पीत. एवढे साधे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली. गावात असे थेट कुणी बोलत नसे. 'मामांना आज जरा झालीय' असे म्हणून लोक हसत आणि आपल्या वाटेला लागत. मामा कामात मात्र चुकले नाहीत. सकाळी नवाच्या आत वर्ग झाडलेले, माठ भरलेले, खडू-डस्टर जागच्या जागी. फक्त सकाळच्या वेळी त्यांच्या हाताला कंप असे. कुलपात किल्ली घालताना ती दोन-तीनदा बाजूला जाई. मग 'आलोच सर' म्हणून ते पाचेक मिनिटे कुठेतरी जात, आणि परतले की हात स्थिर. आम्ही शिक्षक त्याला 'मामांचा चहा' म्हणत असू. त्या पाच मिनिटांचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी १९९५ साली या शाळेत सहशिक्षक म्हणून आलो तेव्हा प्लास्टिकच्या पाकिटातली सारायी मिळत असे. दाताने कोपरा फाडायचा आणि उभ्याउभ्या घशात ओतायची. शाळेच्या कुंपणाबाहेर रिकाम्या पाकिटांचा खच पडे आणि पहिल्या पावसात ती गटारातून वाहत जात. १ जुलै २००७ पासून कर्नाटक सरकारने सारायीची विक्री बंद केली. त्या दिवशी आम्ही शाळेत पेढे वाटले. पुढे काय झाले ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पाकिटे गेली आणि स्वस्त व्हिस्कीचे नव्वद मिलीचे खोके आले. गोव्याची हद्द जवळ, तिथे कर कमी म्हणून दारू स्वस्त. घाटातून ती येतच होती. काजूच्या हंगामात उराक, आणि रानातली भट्टी तर बारमाही. मामांचे पिणे थांबले नाही. पाकिटापेक्षा खोके महाग, म्हणून घरी जाणारा पगार तेवढा कमी झाला.

इथे एक जुनी आठवण सांगितली पाहिजे. १९९८ च्या स्नेहसंमेलनात शिक्षकांनी 'एकच प्याला'तला एक प्रवेश करायचे ठरवले. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे दिग्दर्शन माझ्याकडे आले. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून सुधाकर, सिंधू, तळीराम यांची नावे घेतल्याशिवाय मराठी माणसाला दारूविषयी बोलताच येत नाही. आम्ही निवडला तो तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश. विज्ञानाचे सर तळीराम झाले होते. त्यांनी चाल उचलली होती ती हुबेहूब मामांची, एक खांदा खाली टाकून चालण्याची. पहिल्याच पावलाला मंडपात हशा उसळला. मामा पडद्याची दोरी धरून बाजूला उभे होते. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. तेही हसले. प्रवेश संपल्यावर त्यांनी पडदा ओढला, पण नेहमीपेक्षा जरा घाईने, असे आता आठवते.

सुधाकर वकील आहे, म्हणून त्याच्या पतनावर आपण रडतो. तळीराम त्याचा कारकून, म्हणून त्याला हसतो. प्याला दोघांच्या हातात तोच असतो. आपल्या डोळ्यांतले पाणी मात्र हुद्दा पाहून येते. आमच्या शिक्षकवर्गाचेही तसेच होते. दहावीचा निकाल लागला की आम्ही सगळे गाडी करून अनमोडच्या घाटाने गोव्याला जात असू. समुद्रकाठी बसल्यावर काय होई ते मी लिहीत नाही. मीही त्यात होतो. त्या सहलीवरून परतल्यावर आमच्यापैकी कुणाला देवळात उभे करून शपथ घालावी, असे कुणाच्या मनात आले नाही.

जून २०१३ मध्ये मी मुख्याध्यापक झालो. खुर्चीचीही एक नशा असते. शाळा सुधारायची, गाव सुधारायचे, सगळे पहिल्या वर्षातच. २६ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली अमली पदार्थांविरोधी दिन म्हणून ठरवलेला आहे. शाळा त्या दिवशी प्रभातफेरी काढतात, मुले घोषणा देतात आणि अहवाल वर जातो. मला एवढ्यावर समाधान नव्हते. पंचायतीच्या अध्यक्षांना भेटलो, पुजाऱ्यांना भेटलो. गावदेवीच्या देवळात सभा घ्यायची आणि पिणाऱ्या माणसांनी देवीपुढच्या नारळावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घ्यायची, असे ठरले.

आदल्या दिवशी मी मामांना कार्यालयात बोलावले.

"मामा, तुम्ही शाळेचे माणूस. तुम्ही पुढं झालात तर बाकीचे येतील."

मामा टेबलाच्या कडेला बोट घासत उभे राहिले. मग म्हणाले, "सर, एकदम सोडायला जमंल व्हय? थोडं थोडं कमी करतो की."

"थोडं थोडं करणाऱ्याचं कधीच सुटत नाही मामा. मनाचा निश्चय करा आणि एका झटक्यात सोडा."

आजवर हजारो तास शिकवले. त्यांतली किती वाक्ये विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिली, मला ठाऊक नाही. हे एक वाक्य मात्र मामांनी तंतोतंत पाळले.

त्या दिवशी सतरा जणांनी शपथ घेतली. सर्वांत पुढे मामा होते. एका वर्तमानपत्राने फोटो छापला: नारळावर मामांचा हात, शेजारी मी, माझा चेहरा प्रसन्न. ते कात्रण मी कार्यालयाच्या भिंतीवर लावले.

गुरुवारी सकाळी मामा आले तेव्हा घामाने भिजलेले होते. पाऊस असल्यामुळे ते ओले झाले असतील असे वाटले. कांब हातात धरवत नव्हती. पहिला टोल रुळाला लागलाच नाही. दुपारी त्यांना उलट्या झाल्या. मी पाठीवर हात ठेवून म्हणालो, "शरीरातलं विष बाहेर पडतंय मामा. आणखी दोन दिवस सोसा." मला वाटले, मी धीर देतो आहे. त्या रात्री त्यांना फेफरे आल्यासारखा झटका आला. घरच्यांनी नाकाला कांदा लावला, मग वहाण लावली. शुक्रवारी सकाळी शाळेच्या किल्ल्या घेऊन त्यांचा मुलगा आला. तो तेव्हा आमच्याच शाळेत नववीत होता. म्हणाला, "बाबांना बरं न्हाई सर."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी घरी गेलो. मामा अंथरुणावर उठून बसले होते. अंग तापलेले, डोळे भिरभिरते. भिंतीवरून मुंग्यांची रांग येते आहे असे सांगून ते हाताने काहीतरी झटकत होते. त्यांनी मला ओळखले नाही. एकाएकी ते उठले, उजवी मूठ उगारली आणि भिंतीवर मोजून ठोके मारू लागले. मग ओरडले, "पाचवा तास झाला, पाचवा तास!" पुन्हा थोड्या वेळाने तेच. मूठ सोलवटून निघाली तरी ठोके थांबेनात. गावातल्या जाणत्यांनी भगताला आणले. देवचाराने धरले आहे, असे तो म्हणाला. कौल लावला. तोवर रात्र झाली होती. उशिरा रात्री कुणीतरी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, पण ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत होते. ती पलीकडच्या काठावर दिवे लावून उभी राहिली. आम्ही सहा जणांनी मामांना कांबळ्याच्या झोळीत घालून पाण्यातून नेले. काठावर पोचलो तेव्हा त्यांची धडपड थांबलेली होती. मला वाटले, झोप लागली.

शनिवारी अंत्यविधीच्या वेळी गावाचा निकाल लागला होता. मामांनी चोरून घेतली असणार. देवीच्या नारळावर हात ठेवून शपथ मोडली, म्हणून देवी कोपली. स्मशानात हे माझ्या देखत बोलले गेले. मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले, आणि थोडा रागही आला, की माझ्या पहिल्याच उपक्रमाला असा डाग लागला.

उरलेल्या सोळा जणांपैकी बहुतेकांनी पंधरा दिवसांच्या आत पुन्हा सुरुवात केली. त्यांच्यावर देवी कोपली नाही. त्यांतले काही आजही जत्रेत भेटतात, नमस्कार करतात. या विसंगतीचा विचार तेव्हा कुणी केला नाही, मीही केला नाही.

२०१५ साली तालुक्याच्या गावी शिक्षकांचे एक आरोग्यशिबिर झाले. दुपारच्या जेवणानंतरचे व्याख्यान मानसोपचारतज्ज्ञांचे होते. अर्धे श्रोते पेंगत होते. डॉक्टर सांगत होते, की वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात कापतात, घाम सुटतो, झटके येऊ शकतात. आणि काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो. तेव्हा ताप चढतो, नसलेले किडे-मुंग्या दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. उपचार मिळाला नाही तर त्यात माणूस दगावतो. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात.

मी उभा राहिलो आणि विचारले, "डॉक्टर, अशा वेळी माणूस घंटा वाजवल्यासारखं करतो का?"

सभागृहात थोडे हसू पिकले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "त्याचं काम घंटा वाजवण्याचं असेल तर करतो. गवंडी हवेत विटा रचतो, शिंपी सुई ओवतो. हाताला कामाची सवय असते."

मी खाली बसलो. पुढचे व्याख्यान मला आठवत नाही.

नंतर मिळेल ते वाचले. त्यातून एवढे समजले, की दारू मेंदूला मागे खेचून धरते. गाडी मागून कुणी ओढून धरली तर बैल जसा दुप्पट जोर लावतो, तसा मेंदूही वर्षानुवर्षे जादा जोर लावायला शिकतो. धरणारा हात एकाएकी सुटला की गाडी बेफाम उधळते. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. आठवडा-दहा दिवस शांत करणाऱ्या गोळ्या उतरत्या मात्रेने देतात, ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतात, शरीरातले पाणी सांभाळतात. यातले एकही औषध दुर्मीळ नाही. आणि हा माणूस ओळखायचा कसा? त्याची खूण आमच्या शाळेत रोज सकाळी नवाला दिसत होती. कापणारा हात, आणि पाच मिनिटांत स्थिर होणारा हात. 'मामांचा चहा' हा विनोद नव्हता, ते रोगाचे लक्षण होते. मामा म्हणाले होते, थोडे थोडे कमी करतो. ते बोलणे मी पळवाट समजलो. त्यांच्या शरीराला जे कळत होते ते माझ्या एम.ए.ला कळले नाही.

तर मामांनी शपथ मोडली नव्हती. त्यांनी ती पाळली, म्हणून ते गेले.

हे कळल्यावर मी काय केले? काहीच नाही. गावाला सांगायचे म्हणजे माझ्या उपक्रमाने एक माणूस मारला हे सांगायचे. मी मनाला समजावले, की जुनी जखम उकरण्यात काय अर्थ आहे, मामींना उगाच त्रास होईल. वास्तविक त्रास मामींना रोजच होत होता. नवरात्रात देवीची ओटी भरायला त्या देवळात गेल्या की बायका थोड्या बाजूला सरकत. मुलाला पोरे 'शपथमोड्याचा' म्हणत. दहावीत तो शाळा सोडून गोव्याला गवंड्याच्या हाताखाली गेला. शाळा का सोडली हे मी त्याला विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते.

या काळात मी एका प्रश्नाभोवती घुटमळत होतो. आपण दारूविरुद्ध जे जे करतो, त्यात तिसऱ्या दिवसाची सोय का नसते? नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी साक्षरतेच्या वर्गातून उठून १९९२ साली सारायीविरुद्ध लढा उभारला, आणि पुढच्याच वर्षी आंध्र प्रदेशात सारायीबंदी आली. गडचिरोलीच्या लोकांनी लढून १९९३ मध्ये जिल्हादारूबंदी मिळवली. महाराष्ट्रात बायका मतदान करून दुकानाची बाटली आडवी करतात. ही मोठी कामे आहेत. दुकान लांब गेले की पोरे त्या वाटेला कमी जातात. पण ज्याचा हात आधीच कापतो आहे, त्याच्यासाठी दुकान बंद झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी एक खाट आणि एक डॉक्टर लागतो. शहरातल्या सुधाकराला तो मिळतो. पुण्यात अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे कितीतरी माणसे उभी राहिली. आमच्या वाडीवरून पुणे किती लांब आहे, ते नकाशावर कळत नाही. एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याला ते कळते.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी साधारण ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळाला होता, आणि इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळाला होता तो १८० जणांत एकाला. शाळेच्या भाषेत सांगायचे तर वर्ग भरलेला आहे, आणि मास्तर एका विद्यार्थ्याला शिकवून घरी जातो.

घाटापलीकडून मात्र एक वेगळी गोष्ट कळली. माझा एक माजी विद्यार्थी गोव्यात आरोग्यसेवेत आहे. त्याने सांगितले, की तिथल्या 'संगत' या १९९६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केले. ते पिणाऱ्या माणसाशी एक ते चार वेळा बोलत, अर्धा-पाऊण तास. भाषण नाही, शपथ नाही. किती घेतोस, केव्हा घेतोस, काय बिघडते, काय करता येईल, एवढेच. ३७७ पुरुषांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा या बोलण्याचा लाभ मिळालेल्यांत ३६ टक्के लोक धोक्याच्या रेषेच्या आत आले होते, इतरांत २६ टक्के. आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यालेले अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के. हा प्रयोग मामांसारख्या हात कापणाऱ्यांसाठी नव्हता. त्यांना आधी डॉक्टर हवा. पण मामा एकेकाळी त्या अवस्थेला पोचलेले नव्हते. १९९८ मध्ये पडद्याची दोरी धरून उभे होते तेव्हा त्यांच्याशी अर्धा तास असे कुणी बोलले असते तर? वीस शिक्षकांच्या शाळेत ते नोकरीला होते. बोलणे हाच आमचा धंदा.

२०२३ च्या मे महिन्यात एका सकाळी मामांचा मुलगा माझ्या घरी आला. वय पंचविशीच्या आतले, चेहरा चाळिशीचा. बसायला सांगितले तरी उंबऱ्याजवळच उभा राहिला. चहाचा कप दिला तर बशीत वाजू लागला. मी त्याच्या हाताकडे पाहिले, आणि त्याने तो पाठीमागे लपवला.

"सर, मला शपथ द्या. देवीच्या नारळावर. बाबांनी मोडली. मी मोडणार न्हाई."

दहा वर्षे न बोललेले वाक्य त्या दिवशी बोलावे लागले. मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी शपथ मोडली नव्हती." आणि मग सगळे सांगितले. मी त्यांना काय बोललो होतो, ते काय म्हणाले होते, भिंतीवरचे ठोके कशाचे होते, तेही. तो खाली बसला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग एवढेच विचारले, "म्हंजे बाबांनी खरंच घेतली नव्हती?"

त्याच संध्याकाळी मी मामींकडे गेलो. त्यांना सांगताना माझा शब्द दोनदा अडला. त्या तांदूळ निवडत होत्या; निवडणे थांबले नाही.

"मला ठाव हुतं सर. वास मी वळकत न्हाई व्हय? पंचवीस वर्षं त्या वासाशेजारी निजलो मी."

"मग मामी, बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकणार? तुमी हेडसर. तुमी बोलला असता तर गावानं ऐकलं असतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. यापेक्षा कठोर शब्द मला कुणी ऐकवलेला नाही.

मुलाला मी शपथ घातली नाही. 'आज अजिबात बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील तसे कर,' असे दारूविषयी बोलताना माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले, आणि निघताना जड गेले. कर्नाटकात २०१४ च्या सुमारास तालुका इस्पितळांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ पाठवण्याची 'मनोचैतन्य' योजना सुरू झाली होती, हे मी त्या शिबिरानंतरच वाचलेले होते. आठ वर्षे ते कागदावर माझ्याजवळ पडून होते. त्याला घेऊन गेलो. तिथून जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात. आठ दिवस तो दाखल होता. तिसऱ्या रात्री मी त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिलो. त्याला घाम आला, तो बडबडला, परिचारिकेने येऊन सुई दिली, आणि पहाटे तो झोपला. उठल्यावर त्याने मला ओळखले.

इथे गोष्ट संपली असती तर लेख सुबक झाला असता. गणपतीत त्याने पुन्हा घेतली. चार दिवस घरातून बाहेर पडला नाही. 'सर आता तोंड बघणार न्हाईत' असे तो आईला म्हणाला. मी गेलो आणि म्हटले, "चल, मंगळवार आहे." डॉक्टरांनी त्याला रागावले नाही. पुन्हा घसरणे हा या रोगाचा नेहमीचा भाग आहे, मधुमेहात साखर वाढते तसा, असे ते म्हणाले. गडकऱ्यांचा सुधाकरही एकदा दारू सोडतो. कामासाठी ओळखीच्यांचे उंबरे झिजवतो, अपमान घेऊन परततो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा भाग मी तीस वर्षे वर्गात शिकवला, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले.

२६ जून २०२४ ला देवळात पुन्हा सभा झाली. नारळ नव्हता. पाराखाली आरोग्य केंद्राच्या परिचारिका आणि आशाताई टेबल घेऊन बसल्या. शाळेच्या फळ्यावर दोन नंबर खडूने लिहून तो फळाच आम्ही देवळात आणून ठेवला: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६. मी उभा राहिलो. म्हणालो, "अकरा वर्षांपूर्वी याच जागी मी मामांना शपथ घातली. त्यांनी ती मोडली असं आपण समजतो. त्यांनी ती मोडली नाही. रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली तर जीव जाऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. चूक माझी. आणि कळल्यावर नऊ वर्षं गप्प बसलो, ती चूक त्याहून मोठी." आणखी थोडे बोललो. सकाळी ज्याचे हात कापतात त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये, आधी डॉक्टर गाठावा, हे तीनदा सांगितले. टाळ्या झाल्या नाहीत. मामी खांबाला टेकून बसल्या होत्या. सभा संपल्यावर एक म्हातारी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आले नाही.

त्या दिवशी टेबलाकडे कुणी फिरकले नाही. अंधार पडल्यावर मात्र दोघीजणी मागच्या दाराने आमच्या घरी आल्या. एकीने विचारले, "सर, मंगळवारी कितीला जायचं?"

मामांच्या मुलाला पाहून सांगतो: सध्या बरा आहे. गावातच काम धरले आहे. उद्याचे तोही सांगत नाही, मीही सांगत नाही. मध्यंतरी शाळेची कौले फेरायला तो आला होता. काम झाल्यावर कार्यालयात येऊन भिंतीवरच्या त्या कात्रणापुढे उभा राहिला. कागद पिवळा पडला होता. एकदोनदा मी ते काढायला हात घातला होता, पण काढले नव्हते.

"सर, हे मला देता? बाबांचा दुसरा फोटो न्हाई आमच्याकडं."

मी टाचण्या काढून ते त्याच्या हातात दिले. माझी बाजू कापून टाक, असे सांगणार होतो. पण त्याने ते तसेच्या तसे चौकटीत बसवून घेतले आहे. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाहिले. देवघराशेजारच्या भिंतीवर आहे: नारळावर मामांचा हात, आणि शेजारी मी.